लहान गाडी, मोठे इंजिन

संसार आणि यंत्र

टांग्याला घोड्याऐवजी हत्ती जुंपला तर ओढण्याचे बळ भरपूर मिळेल, यात शंका नाही. परंतु दांड्या कोणत्या लाकडाच्या, चाकांच्या धावा किती जाड, लगाम कोणाच्या हाती आणि उतारावर त्या हत्तीला थांबवायचे कसे, हे प्रश्न बळाने सुटत नाहीत. उलट बळ वाढले की ते नव्याने उभे राहतात. लहान मोटारीत अधिक शक्तीचे इंजिन बसवण्याचा विचार ज्या ज्या घरात निघतो, तेथे पहिला प्रश्न बहुधा शक्तीचाच असतो आणि उरलेले प्रश्न मिस्त्रीवर सोपवले जातात. या लेखात आपण त्या उरलेल्या प्रश्नांकडे पाहू.

बेळगावच्या एका वाचकभगिनींच्या पत्रामुळे हा विषय घेतला आहे. त्यांच्या यजमानांनी १९८६ साली घेतलेली मारुती ८०० घरात आहे. यजमान आता नाहीत. दर गणपतीला हे कुटुंब आंबोली घाट उतरून सावंतवाडीजवळच्या आपल्या मूळ गावी जाते आणि परतताना पाच माणसे, नारळ, तांदूळ आणि आप्तांनी बांधून दिलेली शिदोरी घेऊन तोच घाट चढते. अलीकडे चढावर गाडी दम टाकते. मुलाचे म्हणणे असे की, हिच्यात एस्टीमचे तेराशे सी.सी.चे इंजिन बसवले म्हणजे बाबांची गाडी विकावीही लागणार नाही आणि घाटही सुखाने चढेल. आईच्या मनात धास्ती आहे. पण 'नको' म्हणायला कारण सापडत नाही, आणि कारणावाचून नको म्हणणे तरुण मुलाच्या उमेदीवर पाणी ओतण्यासारखे त्यांना वाटते. 'हे करण्यात राम आहे का?' एवढेच त्यांनी विचारले आहे.

प्रथम त्या मुलाच्या बाजूने जेवढे बोलता येईल तेवढे बोलू, कारण त्याची कल्पना वेडगळ नाही. मारुती ८०० च्या जुन्या इंजिनाची धारणा ७९६ सी.सी., त्यात तीन सिलिंडर आणि शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या सुरुवातीच्या एस्टीमचे इंजिन १२९८ सी.सी.चे, चार सिलिंडरचे आणि सुमारे ६५ अश्वशक्तीचे. दोन्ही एकाच कंपनीची, दोन्ही गाडीच्या नाकात आडवी बसणारी आणि दोन्ही पुढची चाके फिरवणारी. रॅलीच्या शौकिनांनी लहान मारुतीत हे मोठे इंजिन बसवलेले आहे आणि अशा गाड्या पळाल्याही आहेत. म्हणजे 'बसेल का?' या प्रश्नाचे उत्तर 'बसेल' असेच आहे.

शिवाय असे बदल खुद्द कारखान्यांनीही केले आहेत. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली कॉन्टेसा आणली, तेव्हा त्या भारदस्त देहात ॲम्बॅसडरचेच १४८९ सी.सी.चे इंजिन होते. गाडी दिसायला सरदारी, पण चालीला मंद. पुढे तिला इसुझूचे १८१७ सी.सी.चे इंजिन आणि पाच गिअरची पेटी मिळाली, तेव्हा ती खऱ्या अर्थाने त्या देहाला शोभेशी धावू लागली. १९९० साली आलेली मारुती १००० हीही ९७० सी.सी.च्या इंजिनामुळे चणचणीतच होती. तिच्याच अंगात तेराशेचे इंजिन घालून १९९४ साली एस्टीम झाली. जिप्सीचीही तीच कथा: १९८५ साली ९७० सी.सी., १९९६ साली १२९८.

या परंपरेतील सर्वांत नामांकित गाडी मात्र इंग्लंडची. १९५९ साली मिनी ही चिमुकली मोटार आली. तिचे इंजिन ८४८ सी.सी.चे आणि शक्ती ३४ अश्वशक्ती, म्हणजे आपल्या आठशेच्या अगदी जवळची. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांना तिच्यातील गुण दिसले आणि १९६१ साली ९९७ सी.सी.ची, ५५ अश्वशक्तीची मिनी कूपर विक्रीस आली. पुढे तिच्या अधिक जोरकस भावंडांनी मॉन्टे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वेळा जिंकली. ही गोष्ट सांगताना लोक इंजिनाचा आकडा सांगतात आणि तेथेच थांबतात. परंतु त्या १९६१ च्या गाडीत इंजिनाबरोबर आणखी एक वस्तू बदलली होती: पुढच्या चाकांना ड्रमऐवजी सात इंची डिस्क ब्रेक बसवले होते. गिअरच्या पायऱ्याही नव्याने आखल्या होत्या. शक्ती ३४ वरून ५५ वर नेणाऱ्या माणसाला थांबण्याची सोय आधी करावीशी वाटली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारखान्याने केलेला बदल आणि गल्लीतील गॅरेजमध्ये केलेला बदल यांत अंतर पडते ते नेमके येथे.

आता थोडे गणित करू. पाटीपेन्सिलीपुरते आहे, घाबरण्याचे कारण नाही.

गाडीचे वजन साडेसहाशे किलो आणि माणसे व सामान साडेतीनशे किलो, असे एकूण १००० किलो धरू. पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणारा रस्ता धरू आणि वेग ताशी ४० किलोमीटर. हे वजन वर उचलण्यासाठी लागणारी शक्ती निघते सुमारे १० अश्वशक्ती. रस्त्याचे घर्षण, वाऱ्याचा विरोध आणि गिअरमधील नासधूस धरली तरी पंधराच्या आसपास. मग ३७ अश्वशक्तीची गाडी दम का टाकते? कारण ३७ हा आकडा इंजिन मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेत असतानाचा आहे. फेरे दोन हजारांवर उतरले की तेच इंजिन त्याच्या निम्म्याहूनही कमी शक्ती देते. त्यात ते झिजलेले असेल, तर हाती राहते ती दहा-बारा अश्वशक्ती, आणि चढ मागतो पंधरा. गाडी अडते ती तेथे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, चढावर वरच्या गिअरमध्ये रखडत राहण्यापेक्षा वेळीच दुसऱ्या गिअरमध्ये येऊन इंजिनाला फेरे घेऊ दिले, तर लहान इंजिनही घाट चढते. त्याचा आवाज वाढतो म्हणून अनेकांना ते पाप वाटते. पण त्या आवाजाने इंजिनाचे काही बिघडत नाही, बिघडते ते रखडत ओढल्याने. दुसरी अशी की, नवे असताना याच गाडीने हाच घाट हीच माणसे घेऊन चढला होता. म्हणजे उणीव गाडीच्या मूळ शक्तीत नसून, वर्षानुवर्षे झिजून गेलेल्या शक्तीत आहे. गेलेले परत मिळवणे आणि नसलेले नव्याने आणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठ्या इंजिनाने वेग किती वाढेल, तेही पाहू. वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर इतक्या झपाट्याने वाढतो की, दुप्पट वेगासाठी जवळजवळ आठपट शक्ती लागते. त्यामुळे शक्ती ३७ वरून ६५ वर गेली, म्हणजे पावणेदोनपट झाली, तरी गाडीचा सर्वाधिक वेग जेमतेम एकपंचमांशाने वाढतो. खरा फरक पडतो तो चढावर आणि दुसऱ्या गाडीला मागे टाकताना. हा फरक सुखाचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चढ संपल्यावर उतार येतोच.

आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना आपण साधारण सहाशे मीटर खाली येतो. हजार किलोचे वजन सहाशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने सतरा-अठरा लिटर थंड पाणी उकळीला येईल. स्वयंपाकघरातले मोठे पातेले डोळ्यांसमोर आणावे. काही भाग वारा नेतो, काही भाग खालच्या गिअरमध्ये इंजिन थोपवून धरते, आणि उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या ओंजळभर लोखंडाला पोटात घ्यावी लागते. गाडी सावकाश उतरली तर ही उष्णता हळूहळू निर्माण होते आणि वाऱ्यावर निघून जाते. गाडी प्रत्येक वळणापर्यंत जोरात नेऊन तेथे दाबली, तर उष्णता निवायला उसंत मिळत नाही. ब्रेक तापतात आणि पायाखालचे पेडल दाबूनही पकड येत नाही.

सपाटीवरचे गणितही असेच आहे. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून थांबायला, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरून, सुमारे ४० मीटर लागतात. ताशी ८० वर तेच अंतर ६३ मीटरच्या घरात जाते. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, अंतर दीडपटीहून अधिक. आणि गणपतीच्या दिवसांत आंबोलीचा रस्ता कोरडा असतो, असे कोण म्हणेल? धुके, धबधब्यांचे रस्त्यावर आलेले पाणी आणि हिरवट निसरड्या कडा यांमधून ही गाडी जाणार आहे, तीही बारा इंची चाकांच्या अरुंद टायरवर. मोठ्या इंजिनाने उतार धोक्याचा होतो असे नाही. खालच्या गिअरमध्ये ते थोपवूनही अधिक धरते, हे त्याच्या पदरात घातले पाहिजे. पण ज्या हाताला शक्ती मिळाली, तो ती वापरल्यावाचून राहत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्याला घाटात अपवाद नसतो.

समजा, ब्रेक बदलले. तरी यादी संपत नाही. चार सिलिंडरचे इंजिन तीन सिलिंडरच्या इंजिनापेक्षा लांब. ते आडवे बसवले की रेडिएटर आणि पंख्याला जागा अपुरी पडते, आणि रेडिएटरही मोठा हवा. जुन्या गिअरपेटीला हा जोर झेपणार नाही, म्हणून पेटी नवी. पेटी नवी म्हणून चाकांकडे जाणारे दांडे नवे. इंजिनाचे वजन अधिक म्हणून पुढच्या स्प्रिंगा नव्या. ज्या कंसांवर इंजिन टेकते ते नव्याने वेल्डिंग करायचे, तेही चाळीस पावसाळे पाहिलेल्या पत्र्यावर. बेळगाव-कोकणच्या हवेत वाढलेल्या गाडीचा पत्रा आतून कोठे गंजला आहे, हे रंगावरून कळत नाही. इंजिन पेट्रोल-इंजेक्शनचे असेल, तर त्याचा संगणक आणि तारांचे जंजाळ निराळेच. या सगळ्याची बेरीज केली, तर एखादी बऱ्या स्थितीतील, मुळातच मोठ्या इंजिनाची जुनी गाडी घेता येईल. आणि तिच्यात ब्रेक, स्प्रिंगा व इंजिन यांचा मेळ कारखान्यातच घातलेला असेल.

यंत्राचा विचार येथे संपतो आणि कायद्याचा सुरू होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ असाच लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त गॅसचा संच बसवणे, किंवा निकामी झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचे इंजिन परवानगीने बसवणे, ही बाब वेगळी. ७९६ च्या जागी १२९८ सी.सी. हा बदल त्यात बसत नाही.

दंडाची रक्कम भरून मोकळे होता येईल, असे तरुणांना वाटते. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्या वेळी तपासणीस इंजिनाचा क्रमांक पाहतो. तेथे क्रमांक जुळला नाही, तर ज्या गाडीला जपण्यासाठी हे सारे केले, तीच अंगणात उभी राहील. त्याहून गंभीर बाब विम्याची. कंपनीला न कळवता केलेला असा बदल भरपाई नाकारण्यास पुरेसे कारण होऊ शकतो. आणि अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर न्यायालयात पहिला प्रश्न बदललेल्या इंजिनाचाच निघेल. चूक समोरच्याची असली तरी आपली बाजू तेवढ्याने लुळी पडते. घरातील मिळवत्या माणसाच्या डोक्यावर असा भार चढवावा, एवढे मोल घाटातल्या पाच मिनिटांना नाही.

मग काय करावे? पत्रलेखिका भगिनींना आणि त्यांच्या चिरंजीवांना आमचे सांगणे असे.

इंजिन बदलण्याआधी आहे त्या इंजिनाची नाडी पाहावी. तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते उतरले असेल तर बोअरिंग करून नवे पिस्टन आणि रिंगा घालाव्यात, व्हॉल्व्ह घासून घ्यावेत. ते ठीक असेल तर कार्ब्युरेटर साफ करावा, एअर फिल्टर बदलावा, इग्निशनचे टायमिंग लावून घ्यावे. क्लच सरकत असेल तर इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोचतच नाही. ब्रेक चिकटत असतील तर गाडी स्वतःलाच मागे ओढत असते. टायरमध्ये हवा कमी असेल तर तेही ओझेच. 'शक्ती कमी पडते' ही तक्रार अनेकदा अशा चार लहान उणिवांची मिळून झालेली असते. ब्रेकचे तेल जुने झाले की पाणी शोषते आणि उतारावर तापून दगा देते. ते घाटात जाण्यापूर्वी बदलावे. यानंतर पाच माणसे आणि नारळाचे पोते असा भार असेल, तर पोते एस.टी.ने पाठवावे.

चिरंजीवांच्या हाताला खरोखरच यंत्राची ओढ असेल, तर तिला मारू नये. बेळगाव हे असे गाव आहे की, १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे सायकलचे दुकान काढले आणि त्या दुकानातून पुढे एक उद्योगघराणे उभे राहिले. त्या गावातल्या मुलाने पाना हाती घेऊ नये, असे आम्ही कसे म्हणू? त्याने बाबांच्या गाडीचे इंजिन स्वतः उतरवून, उघडून, पुन्हा बांधावे. मोठे इंजिन बसवण्यापेक्षा त्यात अधिक विद्या आहे. शर्यतीचा छंद असेल तर त्यासाठी वेगळी गाडी घ्यावी, ती रस्त्यावर न आणता चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई किंवा कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या बंदिस्त मार्गावरच पळवावी, आणि बदल करताना क्रम सोडू नये: आधी ब्रेक, मग टायर, मग स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर, मग गिअर, आणि सर्वांत शेवटी इंजिन. अशा गाडीत मोठे इंजिन बसवणे जरूर सार्थकी लागते, कारण तेथे गाडीच त्या इंजिनाभोवती पुन्हा बांधलेली असते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घालतो. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वारसा-गाड्यांसाठी नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. १९८६ ची मारुती २०३६ साली पन्नाशी गाठील. १९८३ च्या डिसेंबरात सुरू होऊन २०१४ च्या जानेवारीत बंद झालेल्या या गाडीने हजारो मध्यमवर्गीय घरांना पहिल्यांदा चारचाकीत बसवले. तिच्या सुरुवातीच्या वर्षांतील एखादी, आपल्या मूळच्या तीन सिलिंडरांसह, एकाच कुटुंबाच्या नावावर त्या वेळी चालती असेल, तर ती त्या वडिलांची खरी आठवण ठरेल. तोवर घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढावा आणि त्याच गिअरमध्ये उतरावा.

पुढील अंकी: पावसाळ्यापूर्वी गाडीचे टायर घरच्या घरी कसे तपासावेत, याविषयी. वाचकांनी आपले प्रश्न गाडीचे साल, झालेले किलोमीटर आणि तक्रार कोणत्या वेळी जाणवते, या तपशिलांसह पाठवावेत. म्हणजे उत्तर नेमके देता येते.